सूज चढते निरोपानं, पण ठरते ऐकणाऱ्यावर

"काय रं, आला का रिपोर्ट?"

आत्ती काउंटरच्या पलीकडं उभी होती आणि दोन्ही हातांची बोटं अशी सुजलेली की पर्सची चेन तिला ओढता येईना, शेवटी मीच बाहेर येऊन उघडून दिली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये काम करतो मी, रोज कितीतरी सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, हाताखालनं जातात, पण घरच्या माणसाचा आकडा बघताना पोटात गोळा येतोच. ४८ आला होता. आमच्याकडं ६ च्या आत असला तर नॉर्मल धरतात. तिनं कागद डोळ्याजवळ धरला आणि विचारलं, "म्हंजे ४८ जंतू सापडले व्हय?"

हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत रोज कुणीतरी विचारतंय आणि आम्ही "अंगात सूज आहे, डॉक्टरांना दाखवा" एवढं सांगून मोकळे होतो कारण मागं लाइन असते. पण उत्तर इतकं सुंदर आहे की ते एकदा नीट सांगावं असं मला कायम वाटतं, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

सीआरपी म्हणजे जंतू नव्हे. ते लिव्हरमध्ये तयार होणारं एक प्रोटीन आहे, १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. लिव्हर ते जास्त प्रमाणात स्वतःच्या मनानं बनवत नाही. लांब कुठंतरी, बोटाच्या सांध्यात नाहीतर फुफ्फुसात नाहीतर किडक्या दाताच्या मुळाशी, काहीतरी बिनसतं, तिथल्या पेशी आयएल-६ नावाचं एक चिमुकलं प्रोटीन रक्तात सोडतात, ते वाहत वाहत लिव्हरपर्यंत जातं आणि लिव्हरच्या पेशी ते ऐकून सीआरपी बनवायला घेतात. सहाएक तासांत आकडा चढायला लागतो, दोन दिवसांत टोकाला जातो, आणि निरोप थांबला की साधारण १९ तासांत निम्मा होतो, पुढच्या १९ तासांत त्याच्या निम्मा. आता राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फूट गाठले की धोका पातळी आली एवढं आपल्याला कळतं, पण पाऊस गगनबावड्यात कोसळला की राधानगरीत हे त्या आकड्यावरनं कळत नाही, तसंच सीआरपीचं आहे. आत्तीच्या कागदावरचे ४८ म्हणजे लिव्हरनं निरोप ऐकल्याचा पुरावा, निरोप कुठनं आला ते त्यात लिहिलेलं नसतं.

तर हे निरोप. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६, आयएल-१०, अशी लांबलचक यादी आहे, सगळी नावं पाठ करायची गरज नाही, चार कळली तरी पुष्कळ झालं. हे निरोप पेशीच्या आत जाऊन काम करत नाहीत, आणि बहुतेकांना वाचताना हेच पहिल्यांदा लक्षात येत नाही. पेशीच्या आवरणात रिसेप्टर नावाची प्रोटीन आरपार रोवलेली असतात, डोकं बाहेर, शेपूट आत. निरोप येऊन बाहेरच्या डोक्याला चिकटतो, त्यानं दोन किंवा तीन रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जातात, आणि बाहेरची डोकी जवळ आली की आतल्या शेपट्याही जवळ येतात, आणि खरी घडामोड तिथं होते. आयएल-६ च्या रिसेप्टरच्या शेपटीला जॅक नावाचं एन्झाइम आधीच चिकटून बसलेलं असतं, दोन जॅक समोरासमोर आले की एकमेकांना चालू करतात, मग ते स्टॅट नावाच्या प्रोटीनवर शिक्का मारतात, आणि शिक्का बसलेला स्टॅट सरळ पेशीच्या केंद्रकात जाऊन अमुक जीन चालू करा म्हणून सांगतो. हे सगळं मिनिटांत होतं.

मी रिसेप्टरला कान म्हणतो. ज्या पेशीला त्या निरोपाचा कान नाही तिच्यासाठी तो निरोप नाहीच, कितीही रक्तात फिरू दे. आणि कान असला तरी तो कुठल्या पेशीवर आहे, आत काय जोडलंय, आणि किती वेळ ऐकत राहतो, यावर तोच निरोप आग लावतो किंवा आग विझवतो. मला या लेखात सांगायचंय ते एवढंच, बाकी सगळा याचाच विस्तार.

तालमीत पोरगं पडलं आणि गुडघा सोलवटला असं समजा. मातीतले जंतू आत गेले. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या राखणदार पेशी असतात, त्यांना जंतूचा वास लागतो आणि त्या टीएनएफ आणि आयएल-१ सोडतात. हे ऐकणारे पहिले कोण, तर शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या आतलं अस्तर. त्या पेशींवर टीएनएफचा रिसेप्टर असतोच. ऐकल्या ऐकल्या त्या अंगावर चिकट प्रोटीन बाहेर काढतात म्हणजे रक्तातनं धावणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथं अडकाव्यात, आपापसातल्या फटी मोकळ्या करतात म्हणजे त्या पेशी आणि पाणी बाहेर यावं, आणि वाहिनी रुंद होते. झालं, गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि दुखरा. दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं सुजेची हीच चार लक्षणं लिहून ठेवलीत. तेच निरोप मेंदूपर्यंत पोचले की तिथल्या वाहिन्यांच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन बनवतात आणि अंगाचा थर्मोस्टॅट वर सरकतो, म्हणजे ताप. पॅरासिटामॉल फक्त त्या प्रोस्टाग्लँडिनवर काम करतं, निरोप मागं चालूच असतात, म्हणून गोळीचा असर उतरला की ताप परत.

आणि ही सूज पाहिजेच. ती नसती तर त्या पोराचा पाय गेला असता. "सूज म्हणजे वाईट" हे डोक्यातनं काढा पहिलं.

आता आयएल-६ कडं परत येऊ, कारण याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. हे शोधून काढलं ते जपानमधल्या ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या टीमनं, जीन १९८६ साली, आणि दोन वर्षांनी रिसेप्टर. या रिसेप्टरचे भाग दोन. पहिला भाग आयएल-६ ला पकडतो पण आत काही बोलू शकत नाही. दुसरा, त्याला जीपी-१३० म्हणतात, तो आत बोलतो पण एकट्या आयएल-६ ला पकडू शकत नाही. दुसरा भाग अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशींवर असतो, पहिला मात्र मोजक्या पेशींवर, लिव्हर आणि काही पांढऱ्या पेशी. म्हणजे नेहमीच्या दिवसांत आयएल-६ चं ऐकणारे थोडेच, आणि त्यांचं ऐकणं बहुतेक डागडुजीच्या कामाचं असतं, आतड्याचं अस्तर भरून काढणं वगैरे.

पण सूज भडकली की पांढऱ्या पेशींवरचा तो पहिला भाग एक एन्झाइम कापून टाकतं, आणि कापलेला तुकडा आयएल-६ ला धरूनच रक्तात तरंगायला लागतो. आता ही जोडी कुठल्याही पेशीवरच्या जीपी-१३० ला जाऊन बसू शकते! कालपर्यंत ज्या पेशींना आयएल-६ ऐकूच येत नव्हतं त्या आज ऐकायला लागल्या, सांध्याच्या अस्तरातल्या पेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, सगळ्या. निरोपात एक अक्षर बदललेलं नाही, ऐकणारे बदलले. आमवातात जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं या दुसऱ्या वाटेनं होतं असं मानलं जातं. आणि शरीरानं याचीही सोय केलीय, रक्तात जीपी-१३० चेसुद्धा सुटे तुकडे फिरत असतात, ते या तरंगत्या जोड्यांना मधेच अडवतात.

याच्या उलट तालमीतलं बघा. जोर-बैठका मारताना पैलवानाच्या आखडणाऱ्या स्नायूतनं आयएल-६ बाहेर पडतं, खूप लांब पल्ल्याच्या व्यायामात रक्तातली पातळी १०० पटीपर्यंत वाढलेली मोजलीय, कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन यांच्या गटानं यावर मोठं काम केलंय. पण त्या वेळी टीएनएफ आधी वाढलेलं नसतं, आणि या आयएल-६ मुळं उलट सूज दाबणारे निरोप वाढतात. म्हणून पैलवान घामाघूम होऊन आखाड्याबाहेर आला तर त्याचं आयएल-६ वाढलेलं आणि आयसीयूतल्या पेशंटचंही वाढलेलं, नुसता आकडा बघितला तर फरक कळणार नाही.

ब्रेकचं सांगतो आता, मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आयएल-१ फार जहाल निरोप आहे, पेशीवरचे थोडेसेच रिसेप्टर त्यानं धरले तरी पेशी पेटून उठते. म्हणून त्याच्यावर पहारा कडक. एक म्हणजे शरीर आयएल-१ सारखंच दिसणारं एक प्रोटीन बनवतं, ते रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि काहीच करत नाही, नुसती जागा अडवतं. पण थोडंथोडकं असून भागत नाही, खऱ्या आयएल-१ च्या कितीतरी पट, कधी शंभर पटीच्यावर लागतं तेव्हा कुठं तो निरोप दबतो. दुसरं म्हणजे आयएल-१ ला दोन रिसेप्टर आहेत आणि त्यातल्या दुसऱ्याला आतली बोलणारी शेपूटच नाही! बाहेरचं डोकं व्यवस्थित, निरोप घट्ट पकडतो, आणि आत गप्प. १९९३ साली इटलीतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हा रिसेप्टर बिघडलेला वगैरे नाही, त्याचं कामच ते आहे, निरोप गिळून टाकणं. बहिरा कान मुद्दाम ठेवलेला.

काही बाळं ते जागा अडवणारं प्रोटीन न घेताच जन्माला येतात. २००९ साली हा आजार ओळखला गेला. जन्मल्यावर काही दिवसांतच अंगभर पुवाचे फोड, हाडांना सूज, आणि जंतू शोधायला गेलं तर एकही नाही. त्यांना तेच प्रोटीन, औषध म्हणून अनाकिन्रा नावानं मिळतं, ते रोज टोचलं की बाळ बघता बघता सुधारतं. एका ब्रेकची किंमत काय असते ते यातनं कळतं.

टीएनएफचा रिसेप्टर स्वतःच कापून घेतला जातो. सूज वाढली की पेशी अंगावरचे कान छाटून बाहेर टाकते, त्यानं दोन कामं होतात, पेशीला ऐकू येणं कमी होतं आणि बाहेर पडलेले तुकडे टीएनएफला पकडून ठेवतात. तेच कात्रीवालं एन्झाइम आयएल-६ चा रिसेप्टर पण कापतं बरं का, म्हणजे एकाच कात्रीनं एका ठिकाणी सूज कमी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त. सोपं करून सांगायच्या नादात हे लपवावंसं वाटत नाही, शरीर असंच गुंतागुंतीचं आहे.

आणि पेशीच्या आतले ब्रेक. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपल्याला माहीत आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की बंद, कुणी बटण दाबायला जावं लागत नाही, वाढलेलं पाणीच दरवाजा उघडतं. आयएल-६ चा निरोप आत गेला की स्टॅट जे जीन चालू करतो त्यातच सॉक्स नावाच्या प्रोटीनचा जीन असतो, आणि सॉक्स तयार झालं की परत त्याच रिसेप्टरच्या शेपटीला जाऊन बसतं आणि जॅकचं काम थांबवतं. निरोपच स्वतःचा ब्रेक बनवून घेतो.

यातली एक गोष्ट कळली तेव्हा मी खरंच खुर्चीतनं उठून फेऱ्या मारल्या होत्या. आयएल-१० हा सूज विझवणारा मुख्य निरोप. तोसुद्धा आत स्टॅट-३ च वापरतो, आयएल-६ वापरतो तोच! मग एक सूज वाढवतो आणि एक विझवतो हे कसं? तर आयएल-६ च्या रिसेप्टरच्या शेपटीवर सॉक्स-३ ला बसायला जागा आहे आणि आयएल-१० च्या रिसेप्टरवर ती नाही. म्हणून आयएल-६ चा आवाज थोडा वेळ वाजून बंद होतो, आयएल-१० चा वाजतच राहतो, आणि पेशी त्या वेळेच्या फरकावरनं अर्थ लावते. २००३ साली उंदरांच्या मॅक्रोफेजमधनं सॉक्स-३ काढून बघितलं, तर आयएल-६ तिथं आयएल-१० सारखं वागायला लागलं. आणि आयएल-१० चा रिसेप्टरच बिघडलेला असेल तर काय होतं तेही २००९ साली कळलं, तान्ह्या बाळांच्या आतड्याला भयंकर सूज, जखमा भरतच नाहीत, त्यांना बोन मॅरो बदलूनच बरं करावं लागतं.

आता आत्तीच्या बोटांकडं. तिला आमवात आहे, सकाळी उठल्यावर तासभर तरी मुठी वळत नाहीत, भाकरी थापणं बंद झालंय दीड वर्षापासनं. आमवातात सांध्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसतात, जंतू नसताना टीएनएफ सोडत राहतात, टीएनएफ ऐकून शेजारच्या पेशी आयएल-१ आणि आयएल-६ सोडतात, ते ऐकून आणखी पेशी येतात, हाड खाणाऱ्या पेशीसुद्धा जाग्या होतात. ब्रेक सगळे चालू असतात, आमवाताच्या सांध्यातल्या पाण्यात टीएनएफ रिसेप्टरचे सुटे तुकडे भरपूर सापडतात, पण निरोपांचा लोंढा त्याहून मोठा.

आत्तीनं आधी एकाकडनं पुड्या आणल्या होत्या, कुणाकडनं ते लिहीत नाही. आठ दिवसांत सूज गायब, सगळे खूश. तीन महिन्यांनी चेहरा गोल झाला, साखर वाढली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं यात स्टिरॉइड असणार. स्टिरॉइड पेशीच्या आत शिरून असे बरेचसे निरोप एकदम बनायचेच थांबवतं, म्हणून ते जादूसारखं वाटतं, आणि योग्य हातात ते जीव वाचवतं, २०२० साली कोविडमध्ये डेक्सामेथासोननं वाचवलेच. पण काय खातोय हे माहीत नसताना तीन महिने खाणं, आणि मग एकदम बंद करणं, हे दोन्ही धोक्याचं. असल्या पुड्या घरात असतील तर कृपा करून डॉक्टरांना दाखवा, एकदम फेकून पण देऊ नका.

नवी औषधं या कानांच्या अभ्यासातनंच आलीत. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी आमवाताच्या सांध्यातल्या पेशींवर बघितलं की एकटं टीएनएफ अडवलं तर बाकीचे निरोपही खाली येतात, आणि १९९२ साली पेशंटना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी दिली, तीच आज इन्फ्लिक्सिमॅब म्हणून ओळखली जाते. इटॅनरसेप्ट तर मला फारच आवडतं, ते म्हणजे टीएनएफच्या रिसेप्टरचंच बाहेरचं डोकं, अँटिबॉडीच्या शेपटीला जोडलेलं, म्हणजे शरीर जे कापलेले कान बाहेर सोडतं तीच युक्ती इंजेक्शनमध्ये. टोसिलिझुमॅब आयएल-६ चा कानच झाकतं. आणि टोफासिटिनिबसारख्या गोळ्या कान उघडा ठेवून आतल्या जॅकला गप्प करतात, पण जॅक कितीतरी रिसेप्टर वापरत असल्यामुळं परिणामही पसरट, नागीण उठण्याचा धोका वाढतो, आणि २०२१ साली अमेरिकेत हृदयविकार, गुठळ्या, कॅन्सरबद्दल कडक इशारा छापायला लावला.

टोसिलिझुमॅब हे नाव २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोविडच्या लाटेत, इथं घराघरात गेलं होतं, लोक रात्री-अपरात्री त्या इंजेक्शनसाठी फोन करत होते आणि ते कुठंच मिळत नव्हतं. रिकव्हरी नावाच्या ब्रिटनमधल्या मोठ्या ट्रायलमध्ये ऑक्सिजन कमी झालेले आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेले पेशंट घेतले होते, इंजेक्शन मिळालेल्यांत ३१ टक्के दगावले, न मिळालेल्यांत ३५. फरक खरा आहे पण चमत्कार नाही, आणि ज्यांना मिळालं नाही त्यांच्या घरच्यांनी आयुष्यभर स्वतःला दोष द्यावा एवढा तर नक्कीच नाही, हे मला तेव्हाही ओरडून सांगावंसं वाटत होतं.

लॅबवाला म्हणून एक गोष्ट जीव तोडून सांगतो. टोसिलिझुमॅब चालू असलेल्या माणसाचा सीआरपी जवळजवळ शून्यावर येतो कारण लिव्हरला निरोप ऐकूच येत नाही. त्याला न्यूमोनिया झाला तरी आकडा नॉर्मल दिसू शकतो! आणि आयएल-६ मोजलं तर उलट वाढलेलं दिसतं, कारण एरवी रिसेप्टरच आयएल-६ ला पकडून आत ओढून संपवत असतो आणि आता ते होत नाही. तेव्हा असलं कुठलंही इंजेक्शन चालू असेल तर रक्त देताना सांगा, फॉर्मवर लिहा, आम्ही विचारलं नाही तरी.

टीएनएफ अडवायचं म्हटलं की आपल्याकडं पहिला प्रश्न टीबीचा. आपल्यातल्या कितीतरी लोकांच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू झोपलेले असतात, मॅक्रोफेज त्यांच्याभोवती कडं करून बसलेले असतात आणि ते कडं टिकवून ठेवायला टीएनएफ लागतं. निरोप बंद झाला की कडं ढिलं पडतं. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमध्ये टीबी उसळतोय हे २००१ साली लक्षात आलं, तेव्हापासनं आधी छातीचा एक्स-रे आणि मँटू (हाताच्या कातडीत टोचून करायची टीबीची तपासणी) किंवा रक्ताची तपासणी केल्याशिवाय हे इंजेक्शन सुरू करत नाहीत.

आत्तीची मँटू मीच वाचली. ४८ ते ७२ तासांत वाचायची असते, ती तिसऱ्या दिवशी सकाळी आली, हात काउंटरवर ठेवला, मी बॉलपेननं कडेकडेनं सरकत सरकत फुगवट्याची हद्द काढली आणि पट्टी लावली, १६ मिलिमीटर. लालसरपणा मोजायचा नसतो, फक्त टणक फुगवटा. तिनं विचारलं, "हे पण सूजच न्हवं?" मी म्हटलं हो, ही पण सूजच, तुझ्या पेशींना टीबीचा जंतू ओळखीचा आहे म्हणून त्यांनी निरोप सोडले आणि कातडीनं ते ऐकले. एक्स-रे स्वच्छ आला. त्यामुळं आधी टीबी उठू नये म्हणूनच्या गोळ्या सुरू झाल्यात, आज एकोणिसावा दिवस, डॉक्टर म्हणालेत महिना पुरा झाला की इंजेक्शनचं बघू, आणि आमवातावरच्या मेथोट्रेक्सेटची आठवड्यातनं एकदाची गोळी मी कॅलेंडरवर गुरुवारी लाल पेननं खूण करून दिलीय कारण ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं.